पुठ्ठेकाका आणि सतरावा प्रश्न

पुठ्ठेकाकांना इंग्रजी येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे अगदीच अक्षरशत्रू होते असं नाही. दुकानाची पाटी वाचता यायची, औषधाच्या बाटलीवर दिवसातून किती वेळा ते लागायचं. पण आख्खं वाक्य समोर आलं की त्यांची गाडी दुसऱ्याच शब्दापाशी अडायची. आणि असा हा माणूस गेली बावीस वर्षं इंग्रजी व्याकरणाच्या परीक्षेचे पेपर तपासत होता. ऐकणारे हसतात. हसू द्या. त्या परीक्षा केंद्रात त्यांच्याइतकं बिनचूक तपासणारं दुसरं कुणी झालं नाही.

त्यांचं सगळं शास्त्र एका पुठ्ठ्यात होतं. परीक्षेत पन्नास प्रश्न असत. वाक्यात एक जागा मोकळी, खाली चार पर्याय, आणि उत्तराच्या कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल. बरोबर वाटेल तो गोल पेनाने भरायचा. इथे विशेषण घालायचं की क्रियाविशेषण, क्रियापद आजचं की कालचं की उद्याचं, असल्या त्या भानगडी. केंद्राच्या बाई कागदाच्याच मापाचा एक पुठ्ठा घेत आणि पन्नास बरोबर उत्तरांच्या जागी पन्नास भोकं पाडत. काका तो पुठ्ठा पेपरावर ठेवत. भोकातून भरलेला गोल दिसला की एक गुण, कोरा दिसला की त्या ओळीला लाल रेघ. पुठ्ठा ठेवण्याआधी कागदावरून एकदा नजर फिरवायची, कारण काही महाभाग चारही गोल भरून ठेवतात आणि पुठ्ठ्याला ते बरोबरच दिसतं. पन्नासातले तीस मिळाले की पास. पेपरावर नाव नसे, नुसता नंबर.

ह्या कामावर ते आले त्याची गोष्ट फारशी आनंदाची नाही. आधी ते पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. कागद कापायच्या मशीनने एके दिवशी कागदाबरोबर त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटंही नेली. तीन बोटांच्या बांधणीवाल्याला काम कोण देणार? आठ महिने दारोदार फिरले. शेवटी ह्या केंद्रात शिपायाची जागा निघाली, तेव्हा तिथल्या मोठ्या बाईंनी त्यांच्यापुढे विस्कटलेल्या कागदांचा ढीग ठेवला आणि म्हणाल्या, "जरा नीट लावून द्या." काकांनी सवयीने ढीग उचलला, टेबलावर दोनदा ठोकला, फिरवून दोनदा ठोकला, आणि चारही कडा काचेसारख्या सरळ करून पुढे ठेवला. बाईंनी हाताकडे पाहिलंच नाही. "सोमवारपासून या," म्हणाल्या.

दुसऱ्याच महिन्यात काकांनी माती खाल्ली. जेवणाच्या सुट्टीनंतर पुठ्ठा उलटा ठेवला गेला, वरचं टोक खाली. साठ पेपर तसेच तपासले. कुणाला नऊ, कुणाला अकरा. काकांना वाटलं, काय ढ पोरं आहेत ही! संध्याकाळी पुठ्ठा कपाटात ठेवताना त्यावरचा पेन्सिलीचा बाण खाली पाहत असलेला दिसला आणि साठही पेपर चुकीचे तपासले हे त्यांना कळलं. मोठ्या बाई पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या. काका दारात उभे राहिले आणि सांगून मोकळे झाले. नोकरी गेली, हे धरूनच चालले होते.

बाईंनी पर्स खाली ठेवली. खुर्ची ओढली. दोघांनी मिळून साठही पेपर पुन्हा तपासले. मग बाईंनी कात्री घेतली, पुठ्ठ्याचा खालचा एक कोपरा कापला आणि म्हणाल्या, "आता उलटा ठेवला तर लगेच दिसेल. बरं झालं आजच सांगितलंत. नाहीतर साठ घरांत उद्या रडारड झाली असती." बस्स. पुढच्या अकरा वर्षांत त्या संध्याकाळचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही, ना रागाने ना गमतीने. बाई निवृत्त होऊन दूरच्या गावी गेल्या, तरी सकाळी केंद्राचं कुलूप उघडताना काका मनातल्या मनात त्यांना नमस्कार करत. असे उपकार फेडायचे कसे हे त्यांना कधी कळलं नाही, म्हणून ते नुसते आठवत राहत.

उपकारांचं दुसरं खातं घरात होतं. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा जहाजावर, इंजिनाच्या खोलीत. आठ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. काकू गेल्यावर काका बोलेनासे झाले. जेवायचे, कामाला जायचे, येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. सून तेव्हा लग्न होऊन जेमतेम वर्षाची. नवरा नाही तेवढे महिने माहेरी राहिली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. ती राहिली नाही. "तुम्हाला गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही, घर पेटवून द्याल," असं म्हणून तिने इथेच ठाण मांडलं. रोज संध्याकाळी न चुकता विचारायची, "बाबा, आज किती पेपर?" पहिले काही महिने काका नुसता आकडा सांगत. मग आकड्यापुढे एक वाक्य आलं. मग दोन. असं करत करत तिने त्या माणसाला पुन्हा बोलतं केलं. काका हे जाणून होते. तोंडाने कधी म्हणाले नव्हते, कारण अशा गोष्टी म्हणायच्या कशा, हेही त्यांना येत नव्हतं.

सून एका मोठ्या रुग्णालयात मदतनीस होती. चादरी बदलायच्या, रुग्णांना फिरवायचं, पुसायचं, भरवायचं. काम कंत्राटी, आणि महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. यंदा रुग्णालयाने वॉर्ड सहाय्यकांच्या कायमच्या जागा काढल्या. दिवसपाळी, रजा, सगळं रीतसर. अट एकच, रुग्णांचे तक्ते इंग्रजीत असतात म्हणून ही व्याकरणाची परीक्षा पास हवी. ज्यांच्याकडे महिनाअखेरीपर्यंत पास झाल्याचा कागद, त्यांचा विचार आधी. बाकीच्यांनी पुढच्या वेळी या.

मग काय, घरात इंग्रजी सुरू झालं. सून चादरींच्या घड्या घालता घालता पाठ करायची आणि काका समोर बसून भाजी निवडायचे.

"बाबा, स्लो आणि स्लोली ह्यांत फरक काय हो?"

"मला विचारतेस? मला दोन्ही सावकाशच वाटतात."

"गुड आणि वेल?"

"दोन्ही छान."

काका चेष्टा करत नव्हते. खरंच आहे ते. आपल्याकडे माणूस छान, तो गातो छान, चहा छान, झोप लागली छान. एका 'छान'वर आपला जन्म निभतो. इंग्रजीला मात्र माणूस निराळा आणि त्याचं गाणं निराळं; एकाला शेपूट लावायचं, दुसऱ्याला नाही, आणि काही शब्द असे आगाऊ की शेपूट लावलं तर अर्थच उलटा करून बसतात. काळांचं तर विचारूच नका. वॉर्डातली शिस्त अशी की औषध दिल्याशिवाय तक्त्यावर लिहायचं नाही. 'देणार आहे' असं कुणी लिहिलं तर मोठ्या सिस्टर कान उपटतील. त्यामुळे सुनेचा हात आपसूक भूतकाळाकडेच जायचा. सरावाच्या पेपरात वाक्यात 'टुमॉरो' लिहिलेलं असूनसुद्धा तिने ते काम कालच उरकून टाकलं होतं. दोघंही हसून हसून बेजार झाले.

परीक्षेआधी काकांनी केंद्राच्या नव्या बाईंना जाऊन सांगितलं, "आमची सून बसतेय. माझ्याकडून पेपर काढून घ्या." नव्या बाई तरुण, हुशार, कामाने कायम पिचलेल्या. म्हणाल्या, "काका, कागदावर नाव नसतं आणि पुठ्ठा बोलत नाही. तुम्हीच तपासा. तुमच्याशिवाय आहे कोण?"

कागदावर नाव नसतं हे खरं. पण बांधणीत हात घातलेल्या माणसाला कागदाची पाठही वाचता येते. एकशे चाळिसावा की एकशे पन्नासावा पेपर हातात आला आणि काकांच्या अंगठ्याला मागची बाजू खडबडीत लागली. पेन एवढं दाबून गोल कोण भरतं हे त्यांना ठाऊक होतं. घरातल्या वाणसामानाच्या याद्यासुद्धा खालच्या चार पानांवर उमटायच्या. त्यांनी पेपर तसाच खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि इतरांसारखाच तपासला. तीस. पुन्हा मोजलं नाही. कुणाचंच पुन्हा मोजत नसत, मग हिचंच का?

गुरुवारी निकाल लागला. सून संध्याकाळी घरी आली ती दार ढकलूनच. "बाबा, तीस! अगदी काठावर! पण काठ तर काठ!" तिने काकांचे दोन्ही हात धरून त्यांना गोल फिरवलं. साठीला आलेला माणूस, पाय अडखळले, तरी फिरला. मोठ्या सिस्टरनी यादीत नाव लिहून घेतलं होतं. पुढच्या महिन्यापासून दिवसपाळी. "आता रोज रात्री घरी," ती म्हणाली, आणि काकांना भरून आलं. तिचे सुजलेले डोळे सहा वर्षं ते सकाळी सकाळी पाहत होते.

शुक्रवारी गठ्ठे बांधायचे होते. निकालानंतर पेपर गुणांप्रमाणे लावून सुतळीने बांधायचे आणि वर्षभर कपाटात ठेवायचे, अशी पद्धत. काकांनी वरच्या गुणांचा गठ्ठा घेतला. चाळीसच्या वरचे सगळे. टेबलावर दोनदा ठोकला, फिरवून दोनदा ठोकला, कडा जुळवल्या. आणि सुतळी घेता घेता हात थांबला.

काकांची लाल रेघ नेहमी कागदाच्या अगदी कडेपासून सुरू व्हायची. त्यामुळे कडा जुळल्या की गठ्ठ्याच्या बाजूवर लाल ठिपके दिसत, इथे एक, तिथे एक. आज त्या बाजूवर वरून खालपर्यंत एक सलग लाल पट्टा उभा होता. सगळ्या हुशार मुलांचं एकच उत्तर चुकलं होतं. सतरावं.

त्यांनी खालच्या गुणांचा गठ्ठा ओढला. दहा, बारा, पंधरा गुणवाले. ठोकला. त्याची बाजू लालच लाल होती, फक्त सतराव्याच्या जागी पांढरी फट. ज्यांना बाकी काही येत नव्हतं, त्यांना नेमकं तेवढंच येत होतं.

काकांना तो प्रश्न काय आहे हे वाचायची गरजच नव्हती. पुठ्ठा काढून खिडकीशी धरला. सतराव्या ओळीतलं भोक तिसऱ्या गोलावर होतं. हुशार मुलांचा दुसरा भरलेला होता. नव्या बाईंचा हात घाईत एक घर पुढे सरकला होता, एवढंच. आणि आपण दोनशे बारा पेपर डोळे मिटून त्या भोकाखालून काढले, काकांच्या मनात आलं. बावीस वर्षांचा अनुभव गेला कुठे?

मग त्यांनी तीस गुणांचे पेपर काढले. अंगठ्याला खडबडीत लागला तो बाजूला घेतला. सतराव्याला लाल रेघ नव्हती. म्हणजे तो गुण तिचा नव्हता. तिसातून एक गेला की काय उरतं, ह्याला इंग्रजी लागत नाही.

काकांनी सगळे गठ्ठे बांधले. सुतळीला गाठी मारल्या, कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप लावलं. खुर्चीवर येऊन बसले. खोलीत कुणी नव्हतं. कुणाला कळणार नव्हतं. एक गुण, तोही दुसऱ्याच्या चुकीने मिळालेला. आणि त्या एका गुणावर तिची झोप, तिची रजा, तिची पाठदुखी, सगळं लटकलेलं. तिने ह्या घरासाठी काय काय केलं, आणि आपण तिला काय दिलं? निवडलेली भाजी.

बराच वेळ बसल्यावर ते उठले आणि पुन्हा कपाट उघडलं. एकोणतीस गुणांचा गठ्ठा सोडला. नऊ पेपर असे होते की सतराव्याला लाल रेघ होती आणि दुसरा गोल नीट भरलेला होता. ह्या नऊ जणांनी तीस मिळवले होते. घरी जाऊन नापास झालो म्हणून सांगितलंही असेल. त्यांच्याही घरी कुणी भाजी निवडत बसलं असेल. काकांनी तो गठ्ठा आणि पुठ्ठा नव्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.

बाईंनी प्रश्न वाचला, पुठ्ठा पाहिला आणि पुन्हा प्रश्न वाचला. "माझीच चूक, काका. तुम्ही गठ्ठा बांधून टाकला असतात तर कुणाला पत्ता लागला नसता."

"नसता लागला."

"नऊ जण वर येतील. आणि खाली किती जातील?"

"चार. त्यातली एक आमची सून."

बाईंनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. "हे तुम्हाला इथे यायच्या आधी माहीत होतं?"

"कपाट दुसऱ्यांदा उघडायच्या आधी," काका म्हणाले.

सोमवारी नवी यादी लागली. इथवर काका शूर होते. घरी मात्र सांगायचा धीर झाला नाही. शनिवारी सांगू, रविवारी सांगू करत दोन दिवस घालवले आणि सोमवारी तिला फलकावरूनच कळलं. आली, चपला काढल्या, म्हणाली, "माझे एकोणतीस केलेत त्यांनी," आणि आत निघून गेली. यादीतून नाव खोडलं गेलं होतं. मंगळवारपासून पुन्हा रात्रपाळी.

त्यानंतर प्रत्येक जेवणात तोच विषय. सून रडणाऱ्यातली नव्हती, बोलणाऱ्यातली होती.

"कोण हा दीडशहाणा? निकाल लागल्यावर ह्याला भोकं मोजायला सुचलं! आधी काय झोपला होता?"

काकांनी मान खाली घातली. झोपलेच तर होते.

"ह्याच्या स्वतःच्या घरचं कुणी परीक्षेला बसलं असतं ना, मग बघितलं असतं किती प्रामाणिकपणा उतू जातोय ते! बाबा, तुमच्याच ऑफिसातला असेल. कोण आहे तो?"

काकांनी वाटीतली आमटी ढवळली. "वरचं कुणीतरी असेल," ते म्हणाले. "मला काय ठाऊक."

बावीस वर्षांत ते तिथे एकदाही खोटं बोलले नव्हते. घरात बोलले. आणि ते एक वाक्य बाकी सगळ्यापेक्षा जड झालं. गुण गेला तो गेला, तो तिचा नव्हताच. पण उद्या हिला कळलं तर हिचा आपल्यावरचा विश्वास जाईल. पुन्हा संध्याकाळी येऊन विचारेल का, आज किती पेपर? त्या विचाराने काकांना धडकी भरायची. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज ती थकून यायची आणि रोज काका पाण्याचा तांब्या भरून तिच्यापुढे ठेवायचे.

शनिवारी दुपारी दाराची कडी वाजली. सुनेने दार उघडलं. बाहेर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर उभा होता, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. रुग्णालयातलाच, तोंडओळखीचा.

"अहो, तुम्ही इथे राहता होय?" तो चकित झाला. "मी पुठ्ठेकाकांकडे आलोय. त्यांचे आभार मानायला."

काका खाटेवरून उठले आणि पुन्हा बसले. पळायला जागा नव्हती.

ड्रायव्हर उभ्या उभ्याच बोलायला लागला. "काका, आम्हा ड्रायव्हरांनाही कायम व्हायला हीच परीक्षा. माझी ही चौथी वेळ होती आणि शेवटची. पाचव्यांदा बसूच देत नाहीत. एकोणतीस पाहिले आणि मी गाडी धुवायच्या जागी जाऊन रडलो हो, एवढा घोडा. घरी चार दिवस तोंड दाखवलं नाही. आणि सोमवारी तीस! बाईंकडे गेलो पाया पडायला, तर म्हणाल्या, माझ्या कशाला पडता, चूक माझी होती. पुठ्ठेकाकांनी ती शोधली आणि स्वतःहून आणून दिली, त्यांच्याकडे जा." त्याने खरंच वाकून काकांच्या पायाला हात लावला. "कायम झालो काका. पेन्शन बसली. मुलीचं शिक्षण पुरं होईल."

काका त्याच्याकडे पाहतच नव्हते. ते सुनेकडे पाहत होते. ती दाराला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

"तुम्हीही बसला होतात ना परीक्षेला?" ड्रायव्हरने भाबडेपणाने तिला विचारलं. "तुमचं कसं झालं?"

आता ती बोलणार. काकांनी डोळे मिटले.

"माझा अजून अभ्यास कच्चा आहे," सून म्हणाली. "पुढच्या वेळी होईल. तुमचं अभिनंदन हं. बसा ना, उभे का? चहा टाकते."

आणि तिने चहा टाकला. दूध घालून, साखर विचारून, बशीत बिस्किटं मांडून. ड्रायव्हर अर्धा तास बसला, आपल्या लेकीच्या गमती सांगत राहिला. सूनही त्याच्याबरोबर हसली. जाताना तो म्हणाला, "नशीबवान आहात, असे सासरे मिळाले." ती म्हणाली, "हो."

दार लागलं. तिने कप उचलले आणि मोरीवर नेऊन धुवायला लागली. काका स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"वरचं कुणीतरी म्हणालात," ती पाठमोरीच म्हणाली.

"खोटं बोललो."

"माझा पेपर होता हे माहीत होतं?"

"तू पेन दाबतेस. मागून लागतं."

"आणि तरी नेऊन दिलात."

"तरी."

पाणी वाहत राहिलं. मग तिने नळ बंद केला आणि वळली. डोळे भरले होते, आवाज मात्र तडकलेला होता. "गुण गेला त्याचं नाही हो एवढं! पाच दिवस मी तुमच्या ताटासमोर बसून तुम्हालाच शिव्या घातल्या, आणि तुम्ही मुकाट्याने ऐकून घेतलंत! सांगायला काय झालं होतं? मला घाबरलात?"

"हो," काका म्हणाले.

"मला?"

"तू बोलणं टाकलं असतंस तर मी काय केलं असतं?" काका म्हणाले. "ही गेली तेव्हा मी संपलो होतो. तू मला परत माणसात आणलंस. मी तुला हे कधी बोललो नाही. एवढं सगळं तू केलंस, आणि मी तुझ्या हातातला घास काढून घेतला. कोणत्या तोंडाने सांगू?"

ती पदराने हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. जहाज बंदराला लागलं होतं. तिकडून मुलगा बोलत होता. सुनेने फोन घेतला.

"हो, ऐक. नापास ते खरंच. नाही, रडत नाहीये. ऐक तर आधी! ती चूक कोणी शोधली माहीत आहे? आपल्या बाबांनी. हो, आपल्याच! माझा पेपर आहे हे माहीत असून. नऊ माणसं पास झाली त्यामुळे. एक आत्ताच येऊन पाया पडून गेला." तिचा आवाज वर वर चढत गेला. तिकडून मुलगा काहीतरी म्हणाला. ती मध्येच हुंदका गिळून हसली. "घे, बोल त्यांच्याशीच."

काकांनी फोन तीन बोटांत धरून कानाला लावला.

"बाबा," मुलगा म्हणाला, खरखरीतून, लांबून. "खूप रागावली का हो ती?"

काकांनी सुनेकडे पाहिलं. ती मोरीपाशी उभी राहून ड्रायव्हरचा कप दुसऱ्यांदा विसळत होती.

"तिने त्याला चहा करून दिला रे," काका म्हणाले.